तारा बसवल्यावर काय खावे आणि कसे खावे: कोकणातील किशोरवयीन मुलांसाठी

दातांना तारा बसवून मुलगा किंवा मुलगी घरी आली की स्वयंपाकघरात पहिली चिंता जेवणाची सुरू होते, आणि आता वर्ष-दीड वर्ष नुसत्या मऊ भातावरच काढायचे, असे बऱ्याच घरांत ठरूनही जाते. एवढे करण्याची गरज नसते. पेज, भात, आमटी, माशाचे कालवण, घावणे, उकड असे कोकणातील रोजचे जेवण तारांच्या दृष्टीने मुळातच सोयीचे आहे. अडचण येते ती दोन जेवणांच्या मधल्या खाऊमुळे. दाताला चिकटवलेले, तार धरून ठेवणारे छोटे ब्रॅकेट निघतात ते चिक्की, खाजे आणि खडीसाखरेमुळे, आणि दातांवर पांढरे डाग उमटतात ते दिवसभर घोट घोट घेतलेल्या गोड सरबतामुळे. त्यामुळे जेवणात थोडा आणि मधल्या खाण्यात बराच बदल करावा लागतो, हे घरातल्या सर्वांनी सुरुवातीलाच लक्षात घेतलेले बरे.

याला आपल्याकडे आणखी एक व्यावहारिक बाजू आहे. ऑर्थोडोंटिस्ट म्हणजे दात सरळ करणारे तज्ज्ञ रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ अशा मोठ्या गावांत बसतात. खाडीपलीकडच्या किंवा घाटाच्या पायथ्याच्या गावातून एक निघालेला ब्रॅकेट परत बसवायला जायचे म्हणजे एसटीचा प्रवास, शाळेची एक दांडी आणि घरातल्या एका मोठ्या माणसाचा बुडालेला दिवस. उपचार साधारणपणे दीड ते दोन वर्षे चालतो आणि असा प्रत्येक खंड तो लांबवतो. एका चिक्कीच्या वडीची ही किंमत फार होते.

पहिला आठवडा

तारा बसवल्यावर किंवा घट्ट केल्यावर लगेच फारसे दुखत नाही. काही तासांनी दुखू लागते, दुसऱ्या दिवशी ते सर्वांत जास्त असते आणि आठवडाभरात बहुतेक ओसरते. दात हाडात थेट रुतलेला नसतो, तो बारीक तंतूंच्या अस्तराने हाडाशी बांधलेला असतो. तारेच्या दाबाने एका बाजूचे हाड हळूहळू विरघळते आणि दुसऱ्या बाजूला नवे हाड तयार होते. हे होत असताना त्या अस्तराला जी सूज येते, तिच्यामुळे साधी पोळी चावतानाही दात हुळहुळतात. म्हणून तार घट्ट करण्याच्या दिवशी निघण्यापूर्वी पोटभर जेवून घ्यावे, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांची मऊ जेवणाची तयारी आदल्या दिवशीच करून ठेवावी. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. बहुधा पॅरासिटामॉल सुचवले जाते, कारण आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या जी सूज कमी करतात तिचाच दात सरकण्याच्या क्रियेत वाटा असतो आणि त्या दीर्घकाळ घेणे पुष्कळ ऑर्थोडोंटिस्टांना पसंत नसते.

या दिवसांत उकड्या तांदळाच्या पेजेसारखे अन्न शोधून सापडणार नाही. एक वाटी उकडा तांदूळ धुऊन सात-आठ वाट्या पाण्यात मंद आचेवर शिजत ठेवावा, दाणा फुटू द्यावा आणि शीत दोन बोटांत धरून दाबले असता सहज चिरडले जाईपर्यंत आच बंद करू नये. नेहमीच्या पेजेत शीत थोडे टणक राहिले तरी चालते. इथे ते चालत नाही. मात्र नुसती पेज पिऊन वाढत्या वयाच्या मुलाचे पोट भरले तरी प्रथिने मिळत नाहीत, म्हणून तांदळासोबत मूठभर मुगाची डाळ शिजवावी, वरून तूप घालावे, आणि बाजूला दही किंवा मऊ परतलेली अंड्याची भुर्जी द्यावी. खरी गडबड पेजेच्या तोंडी लावण्यात असते. भाजलेला पापड, सांडगी मिरची आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा हे तिन्ही या आठवड्यात टाळावेत. पापडाशिवाय पेज घशाखाली उतरत नसेल, तर तो पेजेत बुडवून पुरता लिबलिबीत झाल्यावर खावा. त्यात मजा कमी असली तरी चव राहते.

ताकातली तांदळाची उकड, दडपे पोहे (शेंगदाणे आणि तळलेला पापड वगळून), मऊ आंबोळी, नारळाच्या रसात भिजवलेले घावणे आणि लाल भोपळ्याची भाजी हेही पदार्थ याच दिवसांचे आहेत. तांदळाची भाकरी गरम असताना मऊ असते आणि गार झाली की चिवट होते, त्यामुळे ती तव्यावरून उतरताच आमटीत कुस्करून घ्यावी. काही तारा निकेल-टायटॅनियमच्या, तोंडाच्या उष्णतेने ताण धरणाऱ्या असतात आणि थंडाव्याने त्यांचा ताण क्षणभर सैल होतो. अशा तारा असलेल्या मुलांना गार ताक किंवा शहाळ्याच्या पाण्याने जो आराम वाटतो, तो मनाचा खेळ नसतो. बर्फ मात्र चघळू नये. बर्फाने ब्रॅकेट हमखास निघतो.

ब्रॅकेटच्या कडा गालाला घासून पहिल्या दिवसांत तोंड येते. त्यावर तिखट कालवण आणि कोकमाचा आंबटपणा चांगलाच झोंबतो, तेव्हा तेवढे दिवस मालवणी मसाला हात राखून घालावा आणि नारळाचा रस वाढवावा. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरावी. दवाखान्यातून मिळालेल्या मेणाची लहान गोळी कोरड्या केलेल्या ब्रॅकेटवर दाबून बसवावी. जेवताना ती काढावी, आणि चुकून गिळली गेली तरी घाबरू नये.

जेवण आणि मासे

दुखणे ओसरले की जवळजवळ सगळे जेवण पूर्ववत सुरू करता येते. बदलायची असते ती खाण्याची पद्धत. समोरच्या दातांनी कशाचाही तुकडा तोडायचा नाही, हा एक नियम पाळला तरी निम्मे काम झाले. ब्रॅकेट दाताला एका विशिष्ट राळेने चिकटवलेला असतो, आणि उपचार संपल्यावर दाताचे आवरण न दुखावता तो काढता यावा म्हणून ती पकड मुद्दामच बेताची ठेवलेली असते. रोजचे चावणे ती सहन करते. पेरूला किंवा कणसाला लचका मारला की समोरून उपटण्याचा जो जोर लागतो, तो तिला सोसत नाही. म्हणून पेरू, सफरचंद, काकडी, गाजर चिरून, कणीस दाणे सोलून आणि उकडून, आणि कोंबडीबरोबरचे वडे हाताने लहान तुकडे करून मागच्या दातांनी खावेत. कोंबडीचे मांस हाडावरून बोटांनी सोडवून घ्यावे. हाड चोखावे, फोडू नये.

माशांच्या बाबतीत मी काही पालकांना उगीचच धास्तावलेले पाहते. मासे बंद करणे हा या वयातल्या मुलावर अन्याय आहे, कारण इतक्या मऊ रूपात इतकी उत्तम प्रथिने दुसऱ्या कोणत्याही अन्नातून मिळणे अवघड आहे. ओले बोंबील तर न चावताही खाता येतात. सुरमईच्या तुकडीत मधला काटा मोठा असल्याने तो वेगळा करणे सोपे जाते, आणि सरंगाही तसाच सुटसुटीत. बांगडा खाताना घाई करू नये. पाठीच्या रेषेवर अंगठ्याने दाबून वरचा भाग अलगद उचलावा, काट्याची माळ शेपटीकडून धरून अख्खी काढावी, आणि उरलेले मांस तोंडात घालण्यापूर्वी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एकदा चाचपून पाहावे, म्हणजे पोटाकडचे बारीक काटे हाताला लागतात. हाच काटा तार आणि हिरडी यांच्यामध्ये आडवा शिरला, तर जिभेने निघत नाही आणि दिवसभर टोचत राहतो. पेडव्यांसारखे बारीक काट्यांचे मासे आंबट-तिखटात काटे मऊ होईपर्यंत मुरवून शिजवले तर चालतात. कडक तळलेली मांदेली मात्र कुरकुरीत चुरा होऊन ब्रॅकेटभोवती बसते. कुर्ल्यांच्या नांग्या दाताने फोडण्याची सवय असेल तर ती सोडून पाटा-वरवंट्याचा आधार घ्यावा, किंवा घरातल्या कोणाकडून त्या फोडून घ्याव्यात. तिसऱ्या नीट धुतलेल्या नसल्या तर त्यांतली कचकच तारेत अडकते, एवढे सोडले तर त्यांना काही हरकत नाही.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि ताटात सुके मासे येतात. सोडे आणि जवळा भिजवून, बटाटा किंवा वांगे घालून रश्श्यात मऊ शिजवावेत. खोबरे घातलेली सुकटाची किसमूर चवीला कितीही चांगली असली तरी तिचा एकेक कण तारेखाली जाऊन बसतो; ती खायचीच असेल तर घरी, जिथे लगेच ब्रश करता येईल तिथे खावी. शाकाहारी घरांत काळ्या वाटाण्याची आमटी, वालाचे बिरडे, ओल्या काजूगरांची उसळ, मुगागाठी आणि दही हे आठवडाभर फिरते ठेवले तर प्रथिनांची उणीव राहत नाही. वाटाणा चांगला मोडेपर्यंत शिजला पाहिजे.

नाचणीबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 340 ते 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 13 ते 15 वर्षांच्या मुलांना दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. नाचणीचे पीठ पाण्यात कालवून, शिजवून, गार झाल्यावर ताक आणि चिमूटभर मीठ घातलेली आंबील दुखऱ्या दातांनाही सोसते. नाचणीने दात लवकर सरकतात असा समज कोणी करून घेऊ नये. वाढत्या हाडांची गरज तिने भागते, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

मधल्या वेळचा खाऊ

इथे मात्र कडक राहावे लागते. मालवणी जत्रेतले खाजे, खटखटे लाडू, शेंगदाण्याची आणि काजूची चिक्की, चकली, कडबोळी, खडी सुपारी, ऊस आणि सुक्या खोबऱ्याचे तुकडे हे कडकपणामुळे वर्ज्य आहेत. फणसपोळी आणि आंबापोळी कडक नसतात, म्हणून घरातले लोक त्या निर्धास्तपणे मुलाच्या हातात देतात. प्रत्यक्षात त्या खाज्याहून अधिक त्रासदायक ठरतात, कारण त्यांचा गोड चिकट थर तारेला लपेटून तासन्‌तास तसाच राहतो. आंबापोळीची आठवण अनावर झाली, तर तिचे तुकडे दुधात पूर्ण विरघळवून ते दूध जेवणासोबत प्यावे.

फळांमध्ये कोकणाइतका भाग्यवान प्रांत नसेल, आणि तारांमुळे त्यातले फारच थोडे सोडावे लागते. हापूस फोडी करून चमच्याने खावा. कोय समोरच्या दातांनी खरवडू नये. रायवळ आंब्याचे धागे तारेत गुंततात, तेव्हा त्याचा रस काढून गाळून घ्यावा. बरका फणस चावायला सोपा असला तरी त्याचे तंतू अडकतात, आणि कापा गरा कुरकुरीत असला तरी उभा बारीक चिरला की व्यवस्थित खाता येतो, म्हणून माझे मत कापाच्या बाजूचे आहे. आठळ्या उकडून, सोलून, कुस्करून घ्याव्यात. कैरीला मीठ-तिखट लावून करकचून चावण्याऐवजी ती किसून घ्यावी. केळी, पपई, चिकू आणि शहाळ्याची मलई यांना काहीच अडचण नाही.

सणांचे दिवस सांभाळणे सर्वांत कठीण असते. गणपतीत उकडीचे मोदक, पातोळे आणि ऋषीची भाजी निर्धास्त खावी. भाजीतले कणीस मात्र बाजूला काढावे. आरतीनंतर हातावर पडणाऱ्या खिरापतीत खडीसाखर आणि खोबऱ्याचे तुकडे असतात. प्रसाद नाकारणे कोणालाच रुचत नाही, तेव्हा त्यातला मऊ भाग मुलाने घ्यावा आणि उरलेला घरातल्या कोणाच्या तरी हातावर ठेवावा. संक्रांतीला तिळाची कडक वडी किंवा चिकट लाडू यांच्याऐवजी मऊ गुळाची पोळी बरी. शिमग्याच्या पुरणपोळीला कोणीही अडवू नये.

सरबत, आंबट आणि डाग

दातांवरच्या जंतूंना साखर मिळाली की काही मिनिटांतच ते आम्ल तयार करतात आणि दातापाशी सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) 5.5 च्या खाली गेला की दाताच्या आवरणातले क्षार विरघळू लागतात. लाळ ही स्थिती पूर्ववत करते, पण त्याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. एक पेला कोकम सरबत जेवणाबरोबर प्यायले तर दाताला हा फटका एकदाच बसतो. तेच सरबत बाटलीत भरून शाळेच्या दिवसभर घोट घोट घेतले, तर लाळेला सावरायला सवडच मिळत नाही. ब्रॅकेटभोवती घाण साचलेली असेल तर पांढरे डाग चार आठवड्यांतही दिसू शकतात, आणि तारा काढल्यावर ब्रॅकेटच्या चौकटीसारखे ते दातांवर उरतात. उन्हाळ्यात तहानेला पाणी किंवा साधे ताक द्यावे. लिंबूसोडा आणि बाटलीबंद शीतपेये यांना घरी जागा देऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन. सोलकढीत साखर नसते आणि ती जेवणाबरोबरच घेतली जाते, त्यामुळे ती चालते. आंबट प्यायल्यावर मात्र लगेच ब्रश करू नये. आधी पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबावे, कारण आम्लाने मऊ झालेले आवरण घासले जाते.

हळदीने तारेभोवतीची पारदर्शक किंवा पांढरी रबरे काही दिवसांतच पिवळी पडतात आणि कोकम, जांभूळ यांचाही रंग त्यांवर चढतो. यात आरोग्याचे काही बिघडत नाही, पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला वर्गात हसताना ते जाणवते. रबरे पुढच्या भेटीत बदलली जातात, तेव्हा करडा, निळा किंवा गडद हिरवा रंग मागून घ्यावा. हळदीवर राग काढू नये.

डबा आणि सफाई

शाळेच्या डब्यात घावणे-चटणी, मऊ पोळीचे लहान तुकडे व भाजी, इडली, दहीभात किंवा उपमा असावा. चटणीत खोबरे बारीक वाटलेले असावे, कारण चवाचे जाडसर कण तारेत हमखास राहतात. डबा संपल्यावर नळावर जाऊन गालात पाणी जोराने फिरवत चार-पाच खळखळून चुळा भराव्यात आणि खिशातल्या छोट्या आरशात समोरचे दात एकदा पाहावेत. वरच्या सुळ्यांच्या वर, हिरडी आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये पालेभाजी लपून बसते. घरी फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा आणि शक्य असेल तर प्रत्येक जेवणानंतर घासावे. ब्रश आधी ब्रॅकेटच्या वरून आणि मग खालून तिरका धरावा, तारेखालचा भाग बाटली धुण्याच्या ब्रशसारख्या दिसणाऱ्या बारीक इंटरडेंटल ब्रशने साफ करावा, आणि रात्री घासल्यानंतर पाण्याशिवाय काही तोंडात घालू नये. राखुंडी आणि मशेरी यांना या तोंडात अजिबात प्रवेश नाही. मशेरी तर तंबाखूच आहे.

दोन जबड्यांमध्ये लावायची रबरे जेवताना काढायची की ठेवायची, हे डॉक्टर सांगतील तसे करावे. तारांऐवजी पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचे काढता-घालता येणारे साचे, असतील तर ते खाण्यापूर्वी काढून डबीत ठेवावेत आणि घालून गरम चहा पिऊ नये. उष्णतेने त्यांचा आकार बिघडतो.

खाताना काही तुटले तर

घास थांबवून तोंडातले अन्न बाहेर काढावे आणि आरशात पाहावे. ब्रॅकेट सुटून तारेवर फिरत असेल तर त्यावर मेण लावावे, सुटा हातात आला असेल तर डबीत जपून ठेवावा, आणि दवाखान्यात फोन करून लगेच यायचे की ठरलेल्या तारखेला, ते विचारावे. तारेचे टोक गालात टोचत असेल तर त्यावरही मेण बसवावे. घरातल्या पकडीने तार कापण्याचा उद्योग कोणी करू नये. ब्रॅकेट गिळला गेला तर तो बहुधा त्रास न देता शौचावाटे निघून जातो, पण खोकला थांबत नसेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

तारा निघाल्यावर बहुतेक पथ्ये संपतात. दात पुन्हा मूळ जागी सरकू नयेत म्हणून काही मुलांना काढता-घालता येणारा रिटेनर देतात. तो जेवताना काढून कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला की उष्ट्याबरोबर कचऱ्यात जातो, म्हणून त्याची डबी दप्तरात कायम असावी. काहींच्या खालच्या पुढच्या दातांच्या मागे एक बारीक तार चिकटवून ठेवलेली असते आणि ती पुष्कळ वर्षे राहते. अशा मुलांनी पेरू चिरून आणि कणीस दाणे सोलून खाण्याची पद्धत पुढेही चालू ठेवावी.